लाल खडू

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी कोपरच्या नामा कोळ्याच्या गालात फोड आला. “काका, तंबाखूतल्या चुन्यानं भाजलंय नुसतं,” म्हणत दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर मलम लिहून दिलं. पुढे तेच डॉक्टर नामाच्या धाकट्या लेकीला, सोनलला, डेंटल कॉलेजात शिकवायला आले. पोरांना गोडी लागावी म्हणून त्यांनी एआर चष्मे आणले. घातले की रोग्याचं उघडं तोंड समोर तरंगे. निदान चुकवणाऱ्याचं नाव फळ्यावर लाल खडूनं लिहायचं, हा त्यांचाच नियम. वर्गापुढे रोगी मांडायचा आपला नंबर आल्यावर सोनलनं चिठ्ठीच्याच दिवशी काढलेले बाबांच्या तोंडाचे फोटो त्यात भरले. चष्मा लावताच सर ओरडले, “अरे, हा सरळसरळ कॅन्सर! कुठल्या गाढवाला दिसला नाही?” तिनं चिठ्ठी पुढे धरली. “सही ओळखा, सर.” मग तिनंच लाल खडू उचलला. नामा कोळी लेकीच्या लग्नानंतरच्या नारळी पौर्णिमेला वारला होता.