शुद्धीचं मीठ

जपानपासून या कॅरिबियन बेटापर्यंत, बोटीवर महिनाभर, मी मिठाची पुडी पोटाशी धरून आणली. नव्या जमिनीत पहिली कुदळ मारण्याआधी मीठ शिंपडून ती शुद्ध करायची, ही आमची रीत. युद्धानंतर सरकारनंच आम्हाला परदेशात वसायला पाठवलं होतं. सरकारी पत्रकात छापलं होतं: काळीभोर जमीन, बारमाही पाणी. त्या भरवशावर सासूबाईंनी गावचं शेत विकायच्या कागदावर आपला शिक्का उठवला.

समोर पांढरंफेक माळरान होतं.

"दव आहे हो ते," आमच्याबरोबर आलेला सरकारी अधिकारी घाईघाईनं म्हणाला. "उन्हानं जाईल."

डोक्यावर भर दुपारचं ऊन होतं.

तरी मी पुडी सोडायला घेतली. तोवर सासूबाई खाली बसल्या. चिमूटभर पांढरी माती उचलून त्यांनी जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. मग माझा हात घट्ट धरला.

"राहू दे, चियो," अधिकाऱ्याकडे रोखून पाहत त्या म्हणाल्या, "साहेबांनी आधीच शिंपडून ठेवलंय."