कॅसेटमधली मोकळी जागा

“हिच्यातून आमच्या बेबीनंदाचा आवाज काढून द्या, बाई.”

तुळजाबाईनं कॅसेट टेबलावर ठेवली. दुसऱ्या हातात दुधाची किटली तशीच होती. पदराच्या टोकानं तिनं कॅसेट पुन्हा एकदा पुसली.

वरलक्ष्मीबाई उभ्याच राहिल्या. त्या साखर कारखान्याच्या केमिस्टसाहेबांच्या पत्नी. माहेर विजयवाड्याचं, तरी अंकुशनगरची सगळी कॉलनी त्यांना मद्रासीबाईच म्हणायची. दूध घालायला येणाऱ्या तुळजाबाईची लेक बेबीनंदा दारात उभी राहून आपण गातो ते स्वर जसेच्या तसे म्हणते, हे एक दिवस त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी तिला समोर बसवलं. त्याला तीन वर्षं झाली. “असलं कसलं हो गाणं, एक शब्द न्हाई त्याच्यात,” तुळजाबाई तेव्हा हसायची. “लग्नात म्हणाय लागली तर वऱ्हाड उठून जाईल.”

गाळप संपलं की उन्हाळ्यात बाई दोन महिने माहेरी जायच्या. तेवढ्यात पोरीचा रियाज मोडू नये म्हणून यंदा त्यांनी ही कॅसेट भरून दिली होती. कर्नाटक संगीतातले पहिले धडे. एक ओळ बाई म्हणायच्या, मग तेवढीच जागा मोकळी सोडायच्या. त्या जागेत नुसता मांडीवर ताल द्यायच्या. तिथं शिष्येनं म्हणायचं.

बाई परत आल्या तेव्हा बेबीनंदा नव्हती. कावीळ झाली. जालन्याला नेईपर्यंत उशीर झाला. तिला चौदावं लागलं होतं.

“फोटो हाये एक, सातवीतला,” तुळजाबाई म्हणाली. “पण आवाज इसरून राह्यले मी, बाई. परवा शेजारची पोरगी भिंतीपल्याड ‘आई’ म्हणली. मी ओ दिली. मंग ध्यानात आलं. आपल्या पोरीचा आवाज असा होता का दुसरा, हेच मला सांगता येईना.”

“पण तुळजाबाई, या कॅसेटमध्ये...”

“हाये की! तुम्ही गावाकडं गेल्त्या तवा रोज दोन टाइम टेपाला तोंड लावून म्हणायची ती. त्या जाळीतून आत गेला असंल ना. आमचे दीर सर्जेराव म्हणतात, वर बाईंचा आवाज हाये, हिचा खाली दबला असंल. आमचा टेप लहान. तुमच्यात निघंल.”

बाईंना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी कॅसेट लावली.

आधी श्रुतीपेटीचा, तंबोऱ्यासारखा घुमारा आला. मग त्यांचाच आवाज. सरिगमपधनिस. सरळ, एका श्वासात. मग मोकळी जागा. खरखर. मांडीवर पडणारी थाप.

“इथंच!” तुळजाबाई खाली वाकली. कान स्पीकरला लावला. “इथंच म्हणायची ती. वाढवा ना जरा.”

बाईंनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. खरखर खोलीभर झाली. दुसरी ओळ आली, दुसरी मोकळी जागा आली. मग तिसरी. तुळजाबाईचा कान हलला नाही.

“तिचा आवाज यात नाही,” बाई शेवटी म्हणाल्या. “तुमचा टेप फक्त ऐकवतो. आत काही घेत नाही.”

तुळजाबाई सरळ झाली. किटली तिनं आता कुठं खाली ठेवली.

“बिलकुल न्हाई?”

“नाही.”

कॅसेट चालूच राहिली. बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.

“म्हणायची की हो ती!” तुळजाबाई एकदम बोलली, कुणीतरी लेकीला खोटं पाडत असल्यासारखी. “मी चुलीपुढं भाकरी थापत असायची. ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलं सगळं. खोटं वाटतंय? थांबा.”

पुढची मोकळी जागा आली. तुळजाबाईनं डोळे मिटले आणि म्हटलं.

आवाज जाडा होता, रानात हाका मारून मारून झालेला. श्रुतीला धड लागत नव्हता. सरिगम. मग तिनं चोरून एक श्वास घेतला, आणि प खालून उचलत आणला, भरलेली घागर डोक्यावर घेताना देतात तसा हिसका देऊन. धनिस.

बाईंचा हात बटणावर तसाच राहिला.

कॅसेटमध्ये तो श्वास नव्हता. कॅसेटमधला प असा नव्हता. बाईंनी तो मुद्दाम सरळ, स्वच्छ लावून ठेवला होता, पोरीची खोड जावी म्हणून. तीन वर्षं त्या तिला तिथंच थांबवायच्या. श्वास तोडू नको, पोटात ठेव. प वर सरळ पाय टाक. पोरगी मान हलवायची, हसायची आणि पुन्हा तस्संच म्हणायची.

“चुकलं ना?” तुळजाबाईनं डोळे उघडले. बाईंचा चेहरा बघून ती ओशाळली. “तुम्ही शिकवा मला, बाई. बराबर करून घ्या. निदान तिच्या जागी नीट तरी म्हणीन.”

बाईंनी कॅसेट मागं फिरवली. श्रुतीचा घुमारा पुन्हा सुरू झाला.

“असंच म्हणा,” त्या म्हणाल्या. “नीट केलं तर ती जाईल.”