अंदमानचा बेत

एकाहत्तरची लढाई मारून आलेल्या हंबीररावांनी वडूजच्या पारावर छाती फुगवून जाहीर केलं, "औंदा बायकूला अंदमानला नेणार गड्या! तितं दोस्ताचं शिडाचं होडकं हाय. ह्या बेटावनं त्या बेटावर नुसती मज्जा!"

इकडे त्यांची बायको बनुबाई हे ऐकून पार धास्तावली. विहिरीत डोकावलं तरी जिचे डोळे फिरायचे, ती भर समुद्रात होडीत काय बसणार? चुलीवरचा तवा जरा डुगडुगला तरी तिच्या अंगावर काटा यायचा. पण नको म्हणावं, तर चारचौघांत नवऱ्याची मान खाली! "आवं, मला बी लय हौस हाय," असं रोज हसून सांगता सांगता ती पार अर्धी झाली.

शेवटी माहेरी जाते म्हणून ती घरातून निघाली आणि तडक औंधला यमाईचा डोंगर चढली. हा बेत मोडू दे, एवढाच नवस बोलायचा होता. देवळात पाऊल टाकते तर काय, देवीपुढं हंबीररावच उभे! डोळे गच्च मिटून, हात जोडून ते गाऱ्हाणं घालत होते.

"आई यमाई, मला दर्याचं लय भ्या वाटतंय! बनूच्या तोंडनं एकदा तरी 'न्हाई' वदव गं, जोडीनं येऊन तुजी ओटी भरतो!"