मुलांचा रकाना

"मुलं किती?" नेनिंग मावशींनी अर्जातून मान वर न काढता विचारलं.

जोव्हेलिनने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रेनमार्कसारख्या आडगावात म्हाताऱ्यांची उस्तवार करायला इथलं कुणी टिकत नव्हतं. म्हणून राज्य सरकारने तिचं नाव पुढे केलं होतं. ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला मिळणार होतं. नवरा-मुलं असतील तर त्यांनाही. गावातल्या सगळ्या फिलिपिनो लोकांचे अर्ज नेनिंग मावशीच भरत.

"एक," जोव्हेलिन म्हणाली. "पण कागदावर ती माझी बहीण आहे."

सतराव्या वर्षी तिला मुलगी झाली होती. चार लोकांत तोंड दाखवता यावं म्हणून आईने जन्मदाखल्यावर स्वतःचंच नाव घातलं. तिकडे फिलिपिन्समध्ये, तिच्या इलोइलोत, असं एखादं शेंडेफळ दर गल्लीत सापडतं. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. मुलगी चार वर्षांची असताना जोव्हेलिन इकडे आली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

मावशींनी चष्मा काढला. "आता लपवलंस, तर पुढे तिला आणायचं विसर. आणि लिहिलंस, तर दाखला कोर्टातून बदलावा लागेल, तपासण्या होतील. पोरीला सांगावं लागेल, बाई."

शनिवारी तिने फोनवर आधी आईच्या कानावर घातलं. आई नुसतं "बरं" म्हणाली.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर तिने पुन्हा फोन लावला. पडद्यावर तिची मुलगी अल्थिया भात चिवडत बसली होती. जोव्हेलिनने एका दमात सगळं सांगून टाकलं. रडली. मग इथल्या शाळेचं सांगितलं, तिच्यासाठी राखलेल्या खोलीचं सांगितलं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, पोर दचकली नव्हती.

"मला माहितेय," अल्थिया म्हणाली. "शेजारची पोरं भांडणात बोलायचीच. काल आईनेही सांगितलं. माझी बॅगपण भरून ठेवलीये तिने. म्हणते, जा, तुझं भलं होईल."

"मग येशील ना?"

अल्थियाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, जरा जास्तच.

"आईला सोडून जाणं तुला जमलं, ताई," ती हळूच म्हणाली. "मला नाही जमायचं."