मागे फिरायची वाट

लग्न जुळवणारी वेबसाइट तिनेच बांधली होती. सभासद 'शोध चालू'मधून 'ठरलं'मध्ये जाई, तिथून 'लग्न झालं'मध्ये. मागे फिरायला वाटच नव्हती. तरी 'लग्न झालं'मधलं कुणीतरी सकाळपासून 'शोध चालू'मध्ये शिरायला धडपडत होतं.

"बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकतोय लबाड," व्हिडिओ कॉलवरचा सहकारी म्हणाला. "थांब, त्याच्या नंबरवर फोनच लावतो."

रिंग तिच्याच घरात, बाहेरच्या खोलीत वाजली. तिथे नवरा बसला होता! ती तरातरा बाहेर आली.

नवरा पेपरात डोकं घालून बसला होता. वाजणारा फोन सासूबाईंच्या हातात होता.


"नाव नोंदवताना मी 'लग्न झालं' निवडलं. पण तुझे सासरे जाऊन इतकी वर्षं झाली," त्या हळूच म्हणाल्या, "मी कुठून मागे फिरायचं गं?"