एकाने ओढायचं, एकाने दाबायचं

बॉनेट उघडायचा खटका ओढला तसा तो मुळासकट त्याच्या हातात आला. मागे बोटभर तुटकी केबल लोंबत होती. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती आणि बॉनेट ढिम्म हलत नव्हतं.

"तुटली," तो म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली.

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. तीन वाजता कोर्टात पुकारा होणार होता आणि पुकाऱ्याला दोघंही हजर लागत होती. एक जण जरी नसला, तरी पुढची तारीख थेट सहा महिन्यांनी. घटस्फोट परस्पर संमतीचा होता. एकाच ठिकाणी, एकाच वेळी जायचं तर दोन वाहनं कशाला, यावरही त्यांची संमती झाली होती. परत जाताना ती भावाबरोबर जाणार होती. गाडी त्याच्या वाटणीला आली होती.

तो पाणीपुरवठा खात्यात अभियंता होता. अख्ख्या शहराला पाणी पाजायचा. स्वतःच्या गाडीत किती पाणी आहे हे त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं. हे त्याला सुनवावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण कंटाळा आला. त्यांचं भांडण आठ महिन्यांपूर्वीच संपलं होतं. कुणी जिंकलं नव्हतं. दोघंही दमली होती, एवढंच. वकिलाने कारण विचारलं तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत बसली, जणू उत्तर दुसऱ्याने पाठ केलंय. शेवटी वकिलानेच 'स्वभाव जुळत नाहीत' असं लिहून टाकलं. त्यात चूक काढता येईना म्हणून दोघांनी सह्या केल्या.

रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला उलट्या खोक्यावर बसून हे बघत होता. त्याने पाच मिनिटं फुकटचा तमाशा पाहिला, मग उठून आला. डॅशबोर्डखाली डोकं घातलं, डिकीतली पक्कड मागून घेतली आणि ती तिच्या हातात दिली.

"ताई, हे तारेचं टोक दिसतंय ना? ते पकडीत धरून ओढायचं. आणि साहेब, तुम्ही पुढून बॉनेट खाली दाबायचं. लॉक जाम झालंय. दाब पडला की सैल होतं, आणि नेमकं तेव्हाच ओढलं तर उघडतं. एकाने ओढायचं, एकाने दाबायचं. पण एकदम."

"तुम्हीच दाबा ना," ती म्हणाली. "आम्हाला उशीर होतोय, तीनला कोर्टात पोचायचंय."

"माझं सोल्युशन वाळतंय," असं म्हणून पंक्चरवाला आपल्या ट्यूबकडे निघून गेला.

ती सीटवर आडवी होऊन आत वाकली. तो पुढे उभा राहिला.

"तीन म्हटलं की ओढ," तो ओरडला. "एक, दोन, तीन!"

काही झालं नाही.

"लवकर ओढलंस."

"तीनला ओढलं."

"तीन म्हणून झाल्यावर ओढायचं."

"मग चार म्हण की!"

पंक्चरवाल्याने ट्यूबवरून मान वर केली. "लग्नाला किती वर्षं झाली?"

"एकोणीस," दोघं एकदम म्हणाली.

"हां. अस्सं एकदम ओढा."

दुसऱ्यांदा तार पकडीतून सुटली. तिसऱ्यांदा त्याचा हात घसरला. पाचव्यांदा दोघांनीही आपापलं काम अचूक केलं, फक्त वेगवेगळ्या वेळी. सहाव्यांदा तिने त्याचे आकडे ऐकणंच सोडून दिलं. तार पकडीत धरूनच तिने मान वर काढली आणि ती काचेतून त्याच्या खांद्यांकडे बघत राहिली. जड काही उचलायचं असलं की त्याचा डावा खांदा आधी खाली जातो, हे तिला कधीचं माहीत होतं. खांदा खाली गेला. तिने ओढलं.

खट्.

बॉनेट बोटभर उसळलं. त्याने काचेतून तिला अंगठा दाखवला, आणि मग तो अंगठा कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे खिशात घातला.

रेडिएटर निवायला वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ दोघं फुटपाथच्या कडेला बसून राहिली. ती दोनदा "उशीर होतोय" म्हणाली, तो दोनदा "हं" म्हणाला. पंक्चरवाल्याने बादलीतून पाणी ओतलं, वाकून खाली पाहिलं आणि हात पुसले.

"नळी चिरलीय. कोर्टापर्यंत जाल, पण तिथून निघताना परत पाणी घालावं लागेल. म्हणून सांगतो, बॉनेट बंद करू नका. ही दोरी घ्या, बांधून टाका. एकदा का लॉक बसलं की एकट्याने उघडणार नाही. परत दोन माणसं लागतील."

पंक्चरवाला गिऱ्हाइकाकडे वळला. ती गाडीत जाऊन बसली आणि रुमालाने हात पुसू लागली.

दोरी त्याच्या हातात होती. मग त्याने तिची नीट गुंडाळी केली आणि रस्ता ओलांडून ती पंक्चरवाल्याच्या खोक्यावर ठेवून आला. बॉनेट खाली घेतलं, त्यावर दोन्ही तळवे टेकवले आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबलं. लॉक बसल्याचा आवाज तिला आत ऐकू आला.

तो येऊन शेजारी बसला. तीनला पंधरा मिनिटं कमी होती. कोर्ट दहा मिनिटांवर होतं.

"ते काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं," तो म्हणाला.

तिने घड्याळाकडे पाहिलं. त्याने गाडी सुरू केली.

"सावकाश चालव," ती म्हणाली. "इंजिन तापेल."