टाक्यांची राखण

थंडी टाळायला व्हर्लिन आणि त्याची बायको डोनेल मिनेसोटाहून गाडीमागे राहण्याचा ट्रेलर ओढत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका तळावर आले होते. ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या गॅसच्या दोन टाक्या व्हर्लिनने जाडजूड साखळीने ट्रेलरलाच बांधून भलंमोठं कुलूप ठोकलं होतं. "टाक्या अशा जपाव्यात!" असं तो तळावरच्या सगळ्यांना ऐकवत फिरायचा.

दहाव्या दिवशी दोन्ही टाक्या संपल्या. त्या काढून भरून आणायला गेलेला व्हर्लिन कुलपापाशीच थबकला.

"किल्ली कुठे ठेवलीस रे?" डोनेलने विचारलं.

"हुशार ना मी! हरवू नये म्हणून मिनेसोटाला घरीच खुंटीला लावून आलोय."

तासाभराने अख्खा ट्रेलर गाडीला जोडून व्हर्लिन गॅस भरायला निघाला. जमलेल्या बघ्यांना खिडकीतून हात करत तो ओरडला,



"टाक्या अशा जपाव्यात!"